जिद्दीचं कौतुक नंतर करा, आधी पाय उचलतो का बघा

मा. संपादक,
स. न.

तुमच्या जिल्हा पुरवणीत गेल्या आठवड्यात शालेय व्हॉलीबॉल स्पर्धेची बातमी होती. सतरा वर्षांखालील मुलांचा अंतिम सामना. उडी मारून खाली येताना एका मुलाचा गुडघा दुखावला, सरांनी स्प्रे मारला, पट्टी घट्ट आवळली आणि पठ्ठ्या पुन्हा मैदानात उतरला. वर फोटो, खाली ओळ : ‘जिद्द असावी तर अशी!’ मुलाचं आणि शाळेचं अभिनंदन. तो परत उतरून उड्या मारू शकला, तेव्हा मी ज्या दुखापतीबद्दल लिहिते आहे (गुडघ्याखालचा नडगीचा उंचवटा उपटून निघणं) ती त्याला झालेली नसणार. पण ही बातमी जिल्ह्यातल्या सगळ्या क्रीडाशिक्षकांनी वाचली आहे. पुढच्या मुलाला ती झाली तर त्याचे सरही आधी पट्टीच आवळतील, आणि तिथेच माझ्या पोटात गोळा येतो.

मी कराडच्या एका रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. एरवी एक्स-रे काढते आणि हाडांची ऑपरेशनं असली की शिशाचा एप्रन चढवून थिएटरमध्ये सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर हाड दाखवणारं एक्स-रे यंत्र, चालवते. म्हणजे तुटलेलं हाड आधी मी बघते, मग डॉक्टर बघतात आणि जोडताना आम्ही दोघंही बघतो. पावसाळ्यात तालुका पातळीच्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या की मनगटं, घोटे, खांदे यांची रांग लागते. त्यात क्वचित एखादा गुडघा असा येतो की मी फिल्म बघायच्या आधीच वॉर्डबॉयला सांगते, हाडांच्या डॉक्टर सरांना फोन लाव.

असा एक सांगते. मुलगा ओळखू येईल असं काही लिहीत नाही. वय पंधरा, उंच उडीचा खेळाडू. धावत आला, उडीसाठी पाय रोवला आणि उडी झालीच नाही. काडकन आवाज आला असं तो स्वतःच सांगत होता. कोणी धक्का दिला नव्हता, तो कशावर आपटलाही नव्हता. मित्रांनी उचलून कोणाच्या तरी जीपमध्ये मागच्या सीटवर आडवा टाकला. गुडघ्याभोवती क्रेप बँडेज, त्यावर आणखी एक मफलर करकचून बांधलेला. टेबलवर घेऊन मी आधी ते सगळं सोडलं. गुडघ्याखाली, नडगी सुरू होते तिथे टरटरून सूज होती आणि वाटी आपल्या जागेपासून चांगली दोन बोटं वर गेली होती. मी म्हटलं, ‘बाळा, गुडघा न वाकवता टाच टेबलवरून उचलतोस का?’ त्याने दात-ओठ खाऊन जोर लावला. मांडी टणक झाली, वाटी आणखी वर सरकली, टाच जागची हलली नाही. विहिरीवर रहाट फिरावा, दोर गुंडाळला जावा आणि बादली तळालाच राहावी, तसा प्रकार. वडील शेजारी उभे होते. म्हणाले, ‘घाबरलाय हो, म्हणून उचलत नाही.’ पोरगं घाबरलेलं होतं हे खरं, पण पाय त्यामुळे उचलत नव्हता असं नाही. पाय उचलणारी साखळीच खालच्या टोकाला हाडासकट उपटली गेली होती.

ही साखळी अशी : मांडीच्या पुढचा मोठा स्नायू वाटीला धरतो. वाटीच्या खालच्या टोकापासून एक जाड, चपटी कंडरा, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारा दोर, निघते आणि नडगीच्या वरच्या भागात पुढे जो उंचवटा हाताला लागतो, तिथे रुजते. जिना चढणं, उडी मारणं, उडीवरून खाली येताना अंग सावरणं हे सगळं या साखळीच्या जिवावर चालतं. चाळिशीतल्या माणसाला तिथे हिसका बसला तर कंडरा फाटते किंवा वाटी मोडते. वाढत्या मुलाची कंडरा मात्र चिवट असते आणि ती जिथे रुजलेली असते ती जागा कच्ची. तो उंचवटा अजून बाकीच्या हाडाशी पक्का सांधलेला नसतो. मध्ये वाढीची कूर्चा, म्हणजे जिथून हाड वाढतं तो अजून हाड न झालेला मऊसर थर, असते. नडगीच्या वरच्या टोकाची ही कूर्चा मागून पुढे अशी बंद होत येते आणि उंचवट्याखाली सगळ्यात शेवटी. म्हणजे दहावीतल्या मुलाला मिसरूड फुटलेलं असतं, मांडी गड्याची झालेली असते, वजन वाढलेलं असतं, आणि नेमकी ओढ बसते ती जागा अजून पोराची असते. मुलींची कूर्चा लवकर बंद होते, त्यामुळे त्यांच्यात ही दुखापत फारच कमी. आमच्याकडे येतात ते बहुतेक मुलगेच, तेरा ते सतरा वयातले.

ओढ बसते तीही दोन तऱ्हांनी. एक, उडी घेताना मांडी एकदम आवळली जाते. दुसरी, खाली येताना गुडघा वाकत असतो आणि मांडी त्याला रोखायला बघते. व्हॉलीबॉलचा स्मॅश, बास्केटबॉलची उडी, लांब उडीची फळी, कबड्डीत पाय पकडलेला असताना मध्यरेषेकडे मारलेली झेप, या सगळ्यांत हेच घडतं. मैदानावर मात्र भोवती जमलेला प्रत्येक जण ‘लिगामेंट गेलं’ म्हणून मोकळा होतो, आणि लिगामेंट म्हटलं की सहा आठवडे आराम, गरम पाण्याचा शेक, गावातला हाडवैद्य, अशी गाडी पुढे निघते.

आता याच जागेचं नेहमीचं दुखणं वेगळं, तेही सांगते, नाहीतर उद्या आमच्याकडे निम्मी शाळा येईल. खेळणाऱ्या कितीतरी मुलांना त्या उंचवट्यावर दुखतं, तिथे गाठ येते, गुडघे टेकवून बसवत नाही. बॉस्टनचे ऑसगूड आणि झ्युरिकचे श्लॅटर या दोघांनी १९०३ मध्ये एकमेकांना न कळवता त्याचं वर्णन केलं, म्हणून दोघांचीही नावं त्याला जोडली गेली. रॉन्टगेननी क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये, म्हणजे जेमतेम आठ वर्षांत आमचं यंत्र मुलांच्या गुडघ्यापर्यंत पोहोचलं होतं. (मला याचं उगाच अप्रूप आहे.) हे दुखणं वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं आपोआप शमतं. उड्या काही काळ कमी करायच्या, मांडीचे ताणाचे व्यायाम करायचे, बर्फ लावायचा, एवढ्यावर भागतं. अशी गाठ असलेली मुलं पाय सरळ उचलतात. दुखत असलं तरी उचलतात. उंचवटा उपटून सरकलेला मुलगा उचलूच शकत नाही. फरक एवढा सोपा आहे, त्याला माझं यंत्र लागत नाही. मात्र आधीपासून तिथे दुखणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून मैदानाला बेडूकउड्यांच्या फेऱ्या मारायला लावणारे सर आणि भरतीपूर्व अकॅडमीवाले अजून आहेत. त्यांनी हे थांबवावं, आणखी काय सांगू?

चौदा वर्षांखालील गटात या उपटण्याच्या दुखापतीचीच धाकटी बहीण भेटते, आणि ती जास्त फसवी आहे. आठ ते बारा वर्षांच्या मुलांत हिसका बसला की खालचा उंचवटा शाबूत राहतो आणि वाटीचं खालचं टोक सुटतं. त्या वयात वाटीचा काठ अजून कूर्चेचाच असतो. कूर्चेचा मोठा पापुद्रा कंडरेबरोबर खाली ओढला जातो, त्याच्यासोबत हाडाची एक बारीकशी कपची. कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही. दिसते ती फक्त कपची, आणि तीही कधी कधी इतकी लहान की फिल्मवरचा डाग म्हणून सोडून दिली जाते. हॉटन आणि अ‍ॅक्रॉइड या डॉक्टरांनी १९७९ मध्ये ही दुखापत नीट मांडली. तेव्हापासून पुस्तकात आहे, तरी चुकते. एका मुलाला आधी दुसरीकडे नेलं होतं. फक्त समोरून एक फोटो काढून ‘हाड नॉर्मल आहे, मुका मार आहे’ असं सांगून घरी पाठवलेलं. आमच्याकडे आला तेव्हा सूज उतरली होती, पोरगं लंगडत चालतही होतं, पण पायरी चढताना हाताने मांडी उचलून पुढे ठेवत होतं. अशी वाटी तशीच राहू दिली तर मधल्या पोकळीत नवं हाड धरतं, वाटी लांबुळकी होते, साखळी सैल पडते आणि शेवटचा थोडा पाय सरळ होतच नाही. मग दुरुस्तीचं ऑपरेशन मोठं होऊन बसतं.

म्हणून फोटोबद्दल दोन शब्द, हे माझं क्षेत्र आहे. समोरच्या फोटोत वाटी मांडीच्या हाडावर चढलेली दिसते आणि तो उंचवटा नडगीच्या टोकात मिसळून जातो. म्हणून बाजूचा फोटो लागतोच लागतो. उंचवटा मध्यापासून किंचित बाहेरच्या अंगाला असतो, त्यामुळे पाय जरासा आत वळवला तर तो कडेला स्वच्छ येतो. मूल कळवळत असेल तर पाय हलवायचा नाही, नळी आडवी करून घ्यायची आणि कॅसेट दोन पायांच्या मधे धरायची. मऊ भागाची सावली दिसेल एवढंच एक्सपोजर ठेवायचं, कारण कंडरेचा काठ आणि वाटीखालची सूज त्यातच कळते. आणि चांगल्या गुडघ्याचा तसाच एक फोटो. यावर दर वेळी वाद. ‘मॅडम, दुखतोय हा पाय, फोटो त्या पायाचा कशाला? बिल वाढवायला?’ अहो, वाढत्या मुलाच्या गुडघ्यात हाडाच्या मधे काळ्या रेषा असतातच. त्यातली कुठली देवाने दिलेली आणि कुठली आज दुपारची, हे शेजारी त्याचाच दुसरा गुडघा ठेवल्याशिवाय कोण छातीठोक सांगणार? वाटी किती वर गेली हेही तुलनेनेच कळतं. मोठ्या माणसात वाटीची लांबी आणि कंडरेची लांबी जवळपास सारखी असते, मोजपट्टी लावून बघता येतं. लहान मुलाची वाटी अर्धी कूर्चेची, तिथे ते माप लंगडं पडतं. अशा वेळी सोनोग्राफी किंवा एमआरआय मागवतात. मोठ्या मुलांत चीर सांध्याच्या आत गेली आहे का हे बघायला सीटी. आमचे सर माझ्याकडून फिल्म घेतानाच विचारतात, ‘ऑग्डेन कितीचा?’ ऑग्डेन यांनी १९८० मध्ये या चिरांचे तीन प्रकार पाडले : नुसतं टोक निघालेलं, वरच्या मोठ्या कूर्चेपर्यंत गेलेलं आणि थेट सांध्यात उघडलेलं. पुढे इतरांनी त्यात भर घातली. पहिल्यातला, जागचा न हललेला तुकडा असेल तर पाय सरळ ठेवून प्लास्टरवर भागतं. सरकलेला असेल तर ऑपरेशन.

या ऑपरेशनची लोकांना फार भीती असते, म्हणून सी-आर्मच्या मागे उभी राहून जे बघते ते सांगते. गुडघ्याच्या पुढून उभा छेद घेतात. साकळलेलं रक्त धुऊन काढतात, मग तुकडा दिसतो, कंडरा त्याला चिकटलेलीच असते. तुकडा खाली बसवायला गेलं की कित्येकदा बसत नाही, कारण हाडावरचं आवरण फाटून त्या खळग्यात आत दुमडलेलं असतं. ते चिमट्याने बाहेर काढायचं, हे बाहेरून प्लास्टर घालून कधीच साधलं नसतं. मग गुडघा सरळ करतात, मांडीची ओढ ढिली पडते आणि तुकडा आपल्या घरात जाऊन बसतो. त्यावर बारीक तारा टोचतात. ‘मॅडम, लॅटरल,’ असं आलं की मी यंत्र फिरवते, पडद्यावर तार कुठवर गेली ते सगळे बघतात. तारांवरून मधे पोकळ असलेले स्क्रू पुढून मागे घालतात, चार मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, साधारण दोन किंवा तीन. हाड पिचू नये म्हणून स्क्रूखाली वॉशर. चीर सांध्यात असली तर सांध्याचा पृष्ठभाग समपातळीत आला का आणि आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, अडकली किंवा फाटली नाही ना, तेही बघतात. शेवटी आवरण शिवून टाकतात. लहान मुलाच्या वाटीचं काम वेगळं. तिथे स्क्रूला धरायला हाडच नसतं. वाटीतून उभी छिद्रं पाडतात, निसटलेल्या पापुद्र्यातून आणि कंडरेतून मजबूत धागा घेऊन तो छिद्रांतून वर ओढतात आणि वरच्या काठाशी गाठ मारतात. काही वेळा तारेचा आठाचा वेढाही घालतात. वाटीच्या दोन्ही बाजूंचा फाटलेला पदरही शिवावा लागतो.

‘वाढ खुंटेल का?’ हा आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्तच आहे. पंधरा-सोळाच्या मुलाची ती कूर्चा अशीही बंद होण्याच्या बेतात असते, तिथे स्क्रू गेल्याने उंचीत फारसं काही बिघडत नाही. अजून बरीच वाढ बाकी असलेल्या मुलात मात्र जपावं लागतं. पुढची बाजू थांबली आणि मागची वाढत राहिली तर गुडघा मागच्या बाजूला वाकडा होऊ शकतो. अशा मुलांना स्क्रू कूर्चेतून जाऊ देत नाहीत, गुळगुळीत तारा किंवा धागे वापरतात आणि पुढे वाढ संपेपर्यंत तपासणीला बोलावत राहतात. उंची मोजायला नव्हे, पाय सरळ आहे ना ते बघायला. ही बोलावणी लोक चुकवतात. मूल धावायला लागलं की रुग्णालयाचं तोंड कशाला बघायचं, असा हिशेब असतो.

आता पट्टीकडे येते, कारण त्यासाठीच लिहायला बसले. त्या उंचवट्याच्या बाजूने एक लहान धमनी जाते. हाड उपटताना ती फाटली तर रक्त नडगीच्या पुढच्या स्नायूंच्या कप्प्यात उतरतं. हा कप्पा चारी बाजूंनी बंद आहे, त्याला पसरायला जागा नाही. आत दाब चढत जातो आणि स्नायूंचा रक्तपुरवठाच कोंडतो. अशा पायावर बाहेरून क्रेप आणि मफलर करकचून आवळणं म्हणजे दाबात भर. मूल दुखतंय म्हणून ओरडतं, पण हाड मोडल्यावर जेवढं दुखेल त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि गोळी-इंजेक्शनने न थांबणारं. पायाची बोटं आपण हाताने खाली वाकवली तर किंचाळतं. नडगीच्या पुढचा भाग हाताला कडक लागतो. बोटांच्या बेचक्यात मुंग्या किंवा बधिरपणा येतो. नाडी लागतेय म्हणजे सगळं ठीक, असा समज करून घेऊ नका, नाडी शेवटपर्यंत लागू शकते. हे दिसलं तर हातात काही तासच असतात. कप्पा उघडून दाब मोकळा करावा लागतो, नाहीतर स्नायू मरतात आणि पाऊल कायमचं लुळं पडतं. त्या उंच उडीवाल्या मुलाला आमच्याकडे रात्री भूलतज्ज्ञ बोलावून घेतला, तो यासाठीच. वडील म्हणत होते, आज अमावस्या आहे, सकाळी करू. आमच्या सरांनी त्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं मला ऐकू आलं नाही, पण पाच मिनिटांत सहीचा कागद माझ्या समोरून गेला.

तेल लावून चोळणं, ओढून ‘बसवणं’ हेही यातच येतं. आमच्या भागातल्या हाडवैद्यांबद्दल लोकांना माया आहे, माझ्या सासूबाईंनाही आहे. पण नुकताच सुजलेला, पाय उचलत नसलेला गुडघा त्यांच्यापुढे नेऊ नका. मैदानावर करण्यासारखं इतकंच : पाय ज्या अवस्थेत बरा वाटतो त्या अवस्थेत फळी किंवा पुठ्ठा लावून सैलसर बांधा, बर्फ फडक्यात गुंडाळून ठेवा, मुलाला पोटात काही देऊ नका कारण भूल लागू शकते, आणि गाडी काढा. भूक लागली असेल म्हणून वाटेत वडापाव चारून आणलेला मुलगा थिएटरबाहेर पोट रिकामं होईपर्यंत ताटकळतो, आणि त्याच्याबरोबर आम्ही सगळे.

ऑपरेशननंतरचं थोडक्यात. चार ते सहा आठवडे पाय सरळ, प्लास्टर किंवा ब्रेसमध्ये. मग हळूहळू वाकवणं, मग मांडीची ताकद. मांडी इतकी सुकलेली असते की आई रडते. खेळायला परत जायला बहुतेकांना तीन ते सहा महिने लागतात, आणि बहुतेक जण परत जातातही. सांगायची गोष्ट ही की इतक्या भयंकर दिसणाऱ्या दुखापतीचा निकाल वेळेवर हात लागला तर उत्तम असतो. पुढे स्क्रूची डोकी गुडघे टेकताना टोचतात, मांडी घालून बसताना खुपतात, तेव्हा हाड भरल्यावर काही जण ते काढून घेतात. तेही छोटं ऑपरेशनच. त्यानंतर छिद्रं भरेपर्यंत लगेच उड्या नकोत.

इथे शाळा आड येते. दहावीला खेळाचे वाढीव गुण असतात. जिल्हा झाला की विभाग, विभाग झाला की राज्य, प्रत्येक पायरीला मोल आहे. त्यामुळे ब्रेस निघाल्यानिघाल्या ‘नुसतं संघात नाव राहू दे, शेवटची पाच मिनिटं उतरवू’ अशी विनवणी घेऊन सर आणि वडील दोघं मिळून ओपीडीत बसलेले मी पाहिले आहेत. माझ्याकडे येऊन हळूच विचारतात, ‘फोटोत हाड भरलेलं दिसतंय ना मॅडम?’ फोटोत हाड दिसतं, मांडीची ताकद दिसत नाही. दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाली की नाही हे फिजिओथेरपिस्ट सांगतो, आणि त्याची सही आल्याशिवाय मुलगा मैदानात नको.

खर्चाचं म्हणाल तर रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असेल तर आरोग्यमित्राला पहिल्या दिवशीच भेटा, कागद नंतर जमवू म्हणून थांबू नका. शाळेच्या मुलांच्या अपघातासाठी शासनाचं सानुग्रह अनुदानही आहे, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. मुख्याध्यापकांना विचारा. कित्येक पालकांना ते आमच्या बिलाच्या खिडकीवर पहिल्यांदा कळतं.

स्पर्धा भरवणाऱ्यांकडे माझं मागणं मोठं नाही. तालुक्याच्या मैदानावर हारतुरे असतात, मंडप असतो, माईक असतो, पाहुण्यांना शाल-श्रीफळ असतं. दोन लांब फळ्या, चार रुंद बँडेज, बर्फाचा डबा आणि ड्रायव्हरसकट एक गाडी एवढं त्यात बसायला हरकत नसावी. उडीच्या खेळात गुडघा धरून बसलेल्या मुलाला पंचांनी आधी पाय सरळ उचलून दाखवायला सांगावं. उचलला नाही तर त्याचा सामना तिथे संपला, मग संघ हरो की जिंको. हा निर्णय सरांवर सोडू नये, सरांचा जीव चषकात अडकलेला असतो, त्यात त्यांचा दोष नाही.

आणि तुमच्याकडे एक. विभागीय स्पर्धांचं वेळापत्रक तुम्ही नेहमीप्रमाणे छापालच. त्याच्या खाली चार ओळींची जागा द्या : पाय उचलत नसेल तर खेळ बंद, पट्टी सैल, पोट रिकामं, बाजूचा फोटो दोन्ही गुडघ्यांचा. मजकूर मी लिहून, आमच्या सरांकडून तपासून घेऊन पाठवते, जाहिरातीचा दर लावणार असाल तर तोही आम्ही स्टाफमध्ये वर्गणी काढून भरू. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कात्री लावायचीच तर रॉन्टगेनना लावा, पट्टीचा परिच्छेद मात्र तसाच ठेवा.

आपली,
एक क्ष-किरण तंत्रज्ञ, कराड, जि. सातारा
(नाव छापू नये ही विनंती. नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे.)